टेकडीचं फाटक

"मला सडकेनं न्याल तर भूत होऊन चुलीपाशी बसंन," असं बजावूनच ऑनर म्हातारी गेली होती. म्हणून चौघांनी तिची शवपेटी उचलली ती थेट टेकडीकडं.

टेकडी कसली, जमिनीला आलेलं टेंगूळच. पलीकडं उतरलं की चर्च. पण दोन वर्षांमागं शेजारच्या फेस्टी लायडननं वाटेवरच्या फाटकाला साखळी घातली. का, तर म्हणे म्हातारी फाटक उघडं टाकते नि मेंढरं सुटतात. तेव्हापासून ती दर रविवारी सडकेनं तीन मैल वळसा घालायची, पावसात भिजत. खोकला धरला तो तिला घेऊनच गेला.

सून डीलिया पेटीच्या बाजूनं चढत होती. काळा चिखल बूट ओढून घेत होता. छातीशी बांधलेल्या तान्ह्याच्या टाळूवर थेंब पडू नये म्हणून ती शालीचं टोक सारखं पुढं ओढायची. नजर मात्र वर, फाटकावर.

फेस्टी फाटकाला पाठ लावून उभा होता.

"कोलमन, सडक वाहून गेली काय रं?"

डीलियाचा नवरा कोलमन खांद्यावरचं ओझं सावरत राहिला. डीलिया पुढं झाली.

"सडक हाय जाग्यावर. आत्याबाईंस्नी हितनं जायचंय."

"व्हय! एकदा मढं गेलं की वाट समद्या गावाची हुती. मला काय ठावं न्हाई?"

"मग सांगायचं वाचलं. अडवा की! उद्या तुमच्या पेटीला खांदा द्याया मेंढरं येतील."

खांदेकऱ्यांत कुणीतरी फिसकन हसलं. फेस्टीनं चौघांची तोंडं न्याहाळली. त्याचं गवत कापायला दरसाल येणारीच ती. साखळी खळखळली, फाटक करकरलं. तो पाठ फिरवून निघाला.

"फेस्टीदादा, तीन पावलं ऱ्हायली."

मयत समोर आलं की त्याच्यासंगं तीन पावलं चालायची, मग वैरी का असेना. तिथं हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. फेस्टीनं टोपी काढली. एक. दोन. तिसऱ्याला त्याची मान खाली गेली, ओठ थरथरले. डीलियाला वाटलं, आता आपल्याला कळवळा येईल. आला नाही.

"बास. चौथं नगं. आत्याबाईंनी मागितलं न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पलीकडं काडीचं काम नव्हतं, तरी डीलिया लेकराला पाजून, शालीत बांधून टेकडी चढली. फेस्टी तिथंच मेंढरं वळत होता. तिनं फाटक उघडलं, पलीकडं जाऊन धाडकन लावलं.

"लावलं बरं का, फेस्टीदादा! आत्याबाईबी दर खेपंला लावायच्या."

मग माघारी आली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. त्या दणक्याला लेकरू खुदकन हसलं, म्हणून तिसऱ्यांदाही.