इद्रिसचा किसरा

इद्रिसनं तापल्या तव्यावर ज्वारीचं पातळ पीठ ओतलं, तसा ऋषिराज मागून बोलला, "भाकरीचं पीठ न्हाई हे गड्या, आंबील हाय." वर्ग हसला. इद्रिसनं मान वर केली नाही.

गुणमाला पाटील मॅडम त्यांच्या शेगडीजवळ येऊन उभ्या राहिल्या. सांगलीच्या त्या अन्नतंत्र महाविद्यालयात सुदानहून आलेलं हे पोरगं पहिल्या दिवसापासून शेवटच्या बाकावर गप्प होतं. तोंडी परीक्षेत ते अक्षरही बोललं नाही, नापास झालं आणि आता परतीच्या तिकिटाची चौकशी करत होतं. मग मॅडमनी व्याख्यानं गुंडाळून ठेवली. एक परदेशी, एक इथला अशा जोड्या लावल्या आणि आपल्या घरचा ज्वारीचा पदार्थ जोडीदाराला शिकवायला सांगितला. स्टाफरूममध्ये त्यांच्या वर्गाला खानावळ हे नाव पडलं होतं.

तव्यावरचं पीठ मात्र पातळ, अखंड सुटून आलं. इद्रिसच्या जोडीला असलेल्या उंब्रजच्या ऋषिराजनं आयुष्यभर आईला भाकरी थापताना पाहिलं होतं. तो पुढं सरकला.

"लय भारी रं," तो म्हणाला आणि उलथनं मागून घेतलं.

इद्रिसनं पहिला किसरा, म्हणजे त्याच्याकडची ती पातळ भाकरी, घडी घालून मॅडमपुढं धरला. त्याच्या घरीही पहिला मान थोरांचाच. आंबूस वास आला आणि मॅडम थबकल्या. पीठ रात्रभर आंबवलेलं होतं. त्यांच्या जैन घरात ते चालत नव्हतं; माहेरी नाही, सासरीही नाही. सगळ्यांचे पदार्थ त्यांनी मोठ्या हौसेनं ठरवून घेतले होते, फक्त पीठ आंबवतात का, हे विचारायचं राहिलं होतं. नको म्हणावं तर पोरगं कायमचं मिटणार. पोट बिघडल्याची थाप ओठांवर आली, पण ती त्यांना मारवेना.

"मला हे खाता येणार नाही, इद्रिस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आंबवलेल्यात जीव असतात, असं आम्ही मानतो. तू सुरेख केलंयस. मला फार वाईट वाटतंय."

इद्रिसनं किसरा ताटलीत ठेवला.

"मग दही?" त्यानं विचारलं.

आजवर हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"व्हय मॅडम, दह्याचं सांगा की," ऋषिराज म्हणाला.

मॅडम हसल्या. ताजं, वेळेत संपवलेलं दही चालतं, असं त्यांनी सांगितलं. का, ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं, आईला विचारावं लागेल, हेही सांगितलं. मग इद्रिसच बोलू लागला. न आंबवता किसरा तुटतो, तव्याला चिकटतो, पण ऋषिराज मदतीला असेल तर उद्या सकाळी मॅडमसाठी तसा करून बघू, म्हणाला.

परतीचं तिकीट विचारणाऱ्या पोराच्या तोंडून मॅडमना त्यातलं 'उद्या' तेवढं ऐकू आलं. बाकीचं त्यांना घरी जाताना आठवलं.