तोरणमाळ चढलेली जीप

"बोल पोरी, आते तूच सांग. हत्ती वढानी ताकद कोन्ही गाडीमा शे?"

निजाम मिस्त्रीने जीपच्या बॉनेटवर अशी थाप मारली की धूळ उडाली आणि धुळीबरोबर रंगाचा एक पापुद्राही उडाला. तो त्याने पायाखाली सरकवला.

नूतन जुन्या टायरवर चहाचा कप घेऊन बसली होती. "हत्ती नही नेवाना, चाचा. मन्ही गाडी नेवानी शे. शांतीलालमामानी पिकअप बरी. मांगे वजनदार शे, टायर जाड शेतस, ब्रेक बी नवा शेतस."

"केळानी गाडी?" निजामने नाक धरलं. "तठे पुना-नाशिकना लोके येतीन. त्यासनासमोर तू केळाना वास मारत उतरशी?"

नूतनच्या बापाची, हेमकांतची, पांढरीशुभ्र मोठी गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. हेमकांत तिच्याच सावलीत उभा होता. गाडी लादलेला ट्रेलर ओढायची ताकद तिच्यात होती, पण मागे हूक बसवायचा तर बंपर कापावा लागणार होता. "नवी गाडीले मांगून भोक पाडनं? ते नही व्हवाव," एवढं बोलून त्याने आपलं मत संपवलं. लग्नाकार्यात मिरवायला घेतलेली ती गाडी रोज सकाळी पिवळ्या फडक्याने पुसली जायची, आणि फडकं मळलं तर हेमकांत फडक्यावर चिडायचा.

नूतनची स्वतःची गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. जुनी, बुटकी, आतून सोलून काढलेली. सीट एकच. दिवे नाहीत, टायर असे की रस्त्यावर उतरवली तर पहिल्या चौकातच पोलीस थांबवणार. ती रस्त्यासाठी नव्हतीच; कुठं न्यायची तर ट्रेलरवर चढवून, दुसऱ्या गाडीमागे ओढत. साक्रीच्या पुढे माळावर कुणी तरी गोल डांबरी चक्कर बांधली होती. तिथं ट्रॅक-डे म्हणून दिवस ठरवतात. ज्याची त्याने आपली गाडी घेऊन यायची आणि दिवसभर मनसोक्त पळवायची. कुणाशी शर्यत नाही, आपलीच आपल्याशी. नूतनने निजामच्या हाताखाली बसून ती गाडी नटबोल्टापासून उभी केली होती. हेमकांतने कपाळाला हात लावून शेवटी होकार दिला होता, पण एका अटीवर. "एक डाव जाय. तठे काही उलटंसुलटं व्हयनं, त गाडी इकी टाकसू. मंग माले इचारानं नही."

म्हणजे खेप एकच होती, आणि ती कशाच्या मागे बांधून न्यायची याचा फैसला निजामच्या अंगणात चालला होता.

फैसला कसला! निजामची जीप तोरणमाळचा घाट वऱ्हाड घेऊन चढली होती, ही गोष्ट शहाद्याच्या चहाच्या टपऱ्यांवर इतक्या वेळा सांगून झाली होती की टपरीच्या पत्र्यालाही ती पाठ होती. सुरुवातीला जीपमध्ये बाराएक माणसं होती. पुढे वीस झाली. मग बँडवाले शिरले, त्यांचा मोठा ढोल शिरला. आणि गेल्या रमजानपासून नवरदेवाची घोडी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर मान काढायला लागली होती. घाटात इंजिन तापलं तेव्हा वऱ्हाडातल्या बायकांनी बॉनेटवर भाकरी शेकल्या, आणि वर पोचल्यावर जीपने म्हणे दोन बादल्या पाणी पिऊन ढेकर दिला. म्हसावदचे लोकसुद्धा ही गोष्ट ऐकायला शहाद्याच्या बाजारात दोन पिशव्या कमी भरून लवकर मोकळे व्हायचे.

अशी जीप दारात असताना केळ्यांची पिकअप नेली, तर गोष्टीचं काय झालं असतं?

"जीपच जाई," निजाम म्हणाला. नूतनने कप खाली ठेवला. चाचांपुढे ती फार बोलायची नाही. शिकवलं त्यांनीच होतं.

निघायच्या दिवशी सकाळी हेमकांतच्या अंगणात नारळ फुटला. तापीफुई, म्हणजे हेमकांतची आत्या, काठी टेकत आली, गाडीला हळदकुंकू लावलं आणि ट्रेलरकडे बघून थबकली.

"इनं तोंड कोठे शे?"

"पुढे शे, फुई. जीपकडे."

"म्हंजे तापीमायकडे पाठ!"

अंगणाचं दार नदीच्या उलट्या बाजूला उघडायचं, आणि त्या घरात जुनी रीत होती. नवीन चाक पहिल्यांदा घराबाहेर पडताना तापीकडे पाठ करत नाही. बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, गावाची वेस ओलांडेपर्यंत उलटं न्यायचं, तोंड नदीकडे ठेवायचं, मग वळवायचं. हेमकांतची पांढरी गाडीसुद्धा पहिल्या दिवशी तशीच मागे मागे गेली होती आणि एका म्हशीला धडकता धडकता वाचली होती.

नूतनने गाडी खाली उतरवली आणि उलटी चढवली, शेपूट जीपकडे आणि तोंड नदीकडे. मग निजामजवळ येऊन हळूच म्हणाली, "चाचा, वेसवर उतराडीसन सुलटी चढाडी लेवूत. इंजिननं वजन हूककडे पाहिजे ना?"

निजामला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण अंगणात तेव्हा सगळी गल्ली जमली होती, आणि कुणी तरी नुकतंच विचारलं होतं, "काय चाचा, आज घोडी नही का लिन्ही?" हशा पिकला होता. निजाम त्या हशावर अजून तरंगत होता.

"कसाले उतराडनं?" तो म्हणाला. "इंजिन पुढे ऱ्हावो का मांगे ऱ्हावो, मन्ही जीपले काय फरक पडस?"

नूतनने गाडीचे पट्टे पुन्हा एकदा आवळले. हेमकांत तेव्हा पांढरी गाडी काढायला मागच्या आवारात गेला होता. त्याने हे काही ऐकलं नाही.

नंदुरबार गेलं तोवर सगळं ठीक होतं. निजामने नूतनला वऱ्हाडाची गोष्ट पुन्हा सांगितली आणि तिच्यात घोडीच्या मालकाला बसवलं. मागे पांढरी गाडी येत होती. तिच्यात पुढच्या सीटवर तापीफुई ताठ बसली होती.

विसरवाडीच्या अलीकडे उतार लागला. मोठा नव्हे. बैलगाडीवाला ज्या उतारावर झोपी जाईल तसा उतार. तिथं जीपचा मागचा भाग कुणी तरी काखेत हात घालून उचलावा तसा हलका झाला. मग ट्रेलर डुलला. आधी शेपटीसारखा, मग धान्य पाखडणाऱ्या सुपासारखा. या बाजूला गेला की जीपला ओढायचा, त्या बाजूला गेला की झटका द्यायचा. हत्ती ओढणाऱ्या जीपला आता मागची गाडीच हलवत होती.

"चाचा, ब्रेक नका दाबू!"

निजामने ब्रेक दाबला.

पुढचं फार झटक्यात झालं. आवाज थांबले तेव्हा जीप तुरीच्या शेतात तिरकी उभी होती. ट्रेलर आडवा पडला होता, आणि पट्ट्यांनी बांधलेली नूतनची गाडी त्याच्याबरोबर कुशीवर निजली होती. एक बाजू पार आत गेली होती. नूतनचं कोपर खरचटलं होतं. निजामला तेवढंही झालं नव्हतं.

हेमकांत धावत आला. पोरीचे हात, खांदे, डोकं चाचपून पाहिलं. तापीफुई काचेतूनच हात जोडून म्हणत होती, "तोंड नदीकडे व्हतं म्हनीसन जीव वाचना रे माय!"

एक ट्रकवाला थांबला होता. त्याने कमरेवर हात ठेवून ट्रेलरला चक्कर मारली. "इंजिन पीछे डाल के कौन ले जाता है भाई? ट्रेलर की गर्दन उठ जाती है, फिर वो गाडी को नचाता है. किसने चढाया?"

हेमकांत वळला. "कोनी चढाडी व्हती?"

तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. निजामचं तोंड, जे उभ्या जन्मात झोपेतही बंद झालं नव्हतं, ते तिथं बंद झालं. नूतनने एकदा त्याच्याकडे बघितलं. त्याने जीपच्या टायरकडे बघितलं.

"मी," नूतन म्हणाली.

"मी सांगं व्हतं," हेमकांत म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता. "एक डाव म्हंजे एक डाव. बाजारना दिन भंगारवाला येस. त्याले दी टाकसू."

त्या संध्याकाळी निजाम घरी जेवला नाही. अख्तरबानोने ताट झाकून ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. निजामने बायकोला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती जिच्यात एकही माणूस वाढवलेला नव्हता.

"सारी उमर बोलते आए," ती म्हणाली, "कोई पूछे ना पूछे. उस वखत जबान कू क्या हुआ था?"

निजाम भिंतीकडे तोंड करून पडला.

"बच्ची ने तुम्हारी इज्जत रख ली," ती दिवा मालवता मालवता म्हणाली. "अब उसकी तुम रखो. नहीं तो मेरे हाथ का खाना मत खाना."

दुसऱ्या दिवशी तो हेमकांतच्या ओट्यावर गेला. तिथं हेमकांत होता, शांतीलाल होता, केळीच्या वखारीतले दोघंचौघं होते. अंगणात ट्रेलर सरळ करून ठेवला होता आणि ती चेपलेली गाडी निंबाखाली ताडपत्रीने झाकली होती. नूतन दारात उभी होती.

"हेमकांतभाऊ, पोरनी चुकी नही," निजाम म्हणाला. उभ्यानेच म्हणाला, बसला नाही. "ती बोलनी व्हती, वेसवर सुलटी करूत. मीच नको म्हनं. मन्ही जीपना तोरा. तठे बी मी गप ऱ्हायनू."

मग हेमकांत हसला, कसनुसा. "मिस्त्री, तुम्हनं मन मोठं शे. पोरसाठे चुकी स्वतःवर लयी ऱ्हायनात."

"नही भाऊ, खरं सांगी ऱ्हायनू मी."

"चाचा," शांतीलालने विचारलं, "त्या टाईमले जीपमा घोडी बी व्हती का?"

ओटा हशाने फुटला. वखारीतला एक जण इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. निजाम मधोमध उभा राहिला. आजवर त्याने हा हशा पोटभर खाल्ला होता. आज तो घशाखाली जात नव्हता. "खरं सांगी ऱ्हायनू," तो पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. एवढ्या वर्षांत त्याने एवढ्या गोष्टी खऱ्या म्हणून खपवल्या होत्या, आणि आता ही एकच खपत नव्हती.

नूतन म्हणाली, "राहू द्या चाचा." मग ती आत निघून गेली.

निजाम ओट्यावरून उतरला. घरी गेला, जीप घेऊन आला, आणि अंगणात ट्रेलरसमोर उभी केली.

"शांतीलाल, तुन्ही पिकअप लाव. नूतनले बलाव."

"आते काय?"

"मी बोलस ते कोन्हले पटस नही. दाखाडस."

त्याने आपली जीप त्याच ट्रेलरवर उलटी चढवली. तोरणमाळ चढलेली ती जीप फळ्यांवर चढताना दोनदा घसरली, बंद पडली. वखारीतल्या लोकांना मागून ढकलावं लागलं. पूर्ण चढली तशी ट्रेलरची मान, म्हणजे हुकाला अडकवायची पुढची दांडी, आपोआप वर उठली, एखादी गाय हंबरायला मान उचलते तशी. पिकअपच्या हुकापासून हातभर वर.

"शांतीलाल, खाले आन तिले."

शांतीलाल चांगला अंगापिंडाने भरलेला माणूस. तो त्या मानेला लोंबकळला. पाय जमिनीवरून सुटले, तरी ती जेमतेम हुकावर बसली. हसत होते ते हसायचे थांबले. निजाम जीपमध्येच बसून राहिला आणि नूतनने पिकअप कालव्याच्या सरळ रस्त्यावर नेली. थोडा वेग आला तसा ट्रेलर डुलायला लागला. या बाजूला, त्या बाजूला. ओट्यावरून हेमकांतला ते स्पष्ट दिसलं. नूतनने पाय काढला. ट्रेलर कसाबसा शांत झाला.

परत आल्यावर जीप उतरवून सुलटी चढवली. मान हुकावर अशी बसली की पिकअपचा मागचा भाग खाली दबला.

हेमकांत ओट्यावरून उतरला. ट्रेलरजवळ आला, हुकावर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ तो निजामकडे बघत नव्हता, आणि तेच निजामला सगळ्यात जास्त लागलं.

"मी पोरले काय काय बोलनू काल," हेमकांत म्हणाला. मग नूतनकडे वळून, "भंगारवालाले नको सांगू. पुढला डावले हीच पिकअप लयी जा. फुईले मी समजाडस."

नूतनने मान हलवली. शांतीलालने रुमालाने तोंड पुसलं. त्याला घोडीबद्दल आणखी काही सुचत होतं, पण ते त्याने गिळलं.

"चाचा, जीप घरी सोडी देस," नूतन म्हणाली. "उतराडनं नको. तशीच लयी जास."

ट्रेलरचे पट्टे आदल्या दिवशीच कापून काढावे लागले होते, आणि जीपचा हँडब्रेक कधीच धरत नव्हता. हीसुद्धा गोष्ट निजामने आजवर कुणाला सांगितली नव्हती. ब्रेकवर पाय ठेवून आत कुणी तरी बसणं भाग होतं. तो ट्रेलरवर चढला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

पिकअप निघाली. तिच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर जीप, जीपमध्ये निजाम. शहाद्याच्या बाजारातून जाताना ट्रेलर रुळावरून चालल्यासारखा सरळ येत होता. चहाच्या टपरीवरचे लोक कप हातात धरून उभे राहिले. कुणी तरी हाक मारली. निजामने समोर बघितलं. केळ्यांचा वास पुढून येत होता.

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मशिदीपाशी रस्ता वळतो तिथं सवयीने त्याने ते वळवलं. चाकं फळीवर जागच्या जागी करकरली, आणि पिकअप आपल्या वाटेने वळली.