प्लास्टिकचे तीस मीटर

नव्या यंत्राने पाहुण्यांदेखत पाण्याची गळती शोधून दाखवली, तर एमिलबेक इंजिनियरला राजधानीत, बिश्केकला बढती मिळणार होती. झूराला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. फाटकापुढचं, वर्षाला तीन गोणी फळ देणारं जर्दाळूचं झाड राहिलं तरी तिला पुष्कळ होतं.

यंत्र साधंच. जमिनीतल्या नळाला एक कान सार्वजनिक न्हाणीघरापाशी, दुसरा एकशे चाळीस मीटरवर शाळेपाशी. गळतीचा आवाज कुठल्या कानाला किती आधी पोचला, त्यावरून ते जागा सांगायचं. एकदाच मोजून ते म्हणालं, न्हाणीघरापासून आठ मीटर. खणलं, तर कोरडी माती.

"अचूकता वाढवू," म्हणत एमिलबेकने दहा वेळा मोजलं. दहाही वेळा दहा मीटर. वीतभरसुद्धा फरक नाही. आणि दहा मीटरवर झाड.

"थांब, उके," धाकट्या भावाला म्हणावं तशी हाक मारत झूरा आडवी आली. निवृत्त होईपर्यंत तिने याच गल्लीत नळ घातले होते. "मधले तीस मीटर प्लास्टिकचे आहेत. मीच पुरलेत. प्लास्टिकमधून आवाज रेंगाळत जातो. यंत्राला सांग तसं."

"नकाशात लोखंड आहे, एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं एमिलबेक म्हणाला.

"नकाशावर सही कुणाची?"

सही त्याचीच. लोखंडी नळ आलेच नाहीत, तेव्हा झूराच्या टोळीने हाताशी होते ते घातले आणि कळवलं. साहेब खुर्चीतून न उठता 'लोखंड' लिहून मोकळे!

"यंत्र दहा वेळा खोटं बोलेल का?"

"खोटं तू बोललास. ते बिचारं दहा वेळा तुझीच री ओढतंय!"

पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. एमिलबेकने करवतवाल्याला खूण केली. कळ्यांनी भरलेलं झाड आडवं झालं. खाली कोरडी माती.

मग झूराने त्याला सरळ यंत्रापुढे ढकललं आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, ते यंत्रात घालायला लावलं. चाळीस मीटर! खणलं, तर प्लास्टिक आणि लोखंडाच्या सांध्यातून पाण्याची चिळकांडी.

एमिलबेकने अहवाल लिहिला: 'दहा मोजण्यांच्या माझ्या पद्धतीने अचूकता वाढली. नकाशातली चूक जुन्या कामगारांची.'

गल्लीला पाणी मिळालं, यंत्राला शाबासकी, एमिलबेकला बिश्केक. झाड गेलं झूराचं, आणि चूकही तिच्याच नावावर लागली.