फीता कापायच्या आधी गाडी आली

मी नीमबर्डी हॉल्ट बोलतोय, रेल्वेचं छोटंसं स्टेशन. इंदूरच्या जरासं बाहेर आहे मी. मोबाइलमध्ये तोंड घालून बसलात तर मी मागे निघून जातो आणि तुम्हाला कळत पण नाही. मग मला नावं ठेवू नका.

पहिले मी म्हणजे मुरमाचा ढीग, एक पिवळी पाटी आणि पत्र्याची खोली. छोटी लाइन होती. गाडी इतकी सावकाश यायची की लोक शेतातून हाक मारायचे आणि डायवर थांबायचा. मग मोठी लाइन टाकायची म्हणून रूळच उखडले. कित्येक वर्षं गाडी नाही. लोकांनी माझ्यावर गहू वाळवला. एकानं पाटीला म्हैस बांधली, तिनं पाठ घासून घासून माझं नाव पुसलं. राग यायचा, पण जमिनीत गाडलेलं स्टेशन काय लाथ मारणार?

मग विकास आला. आधी नुसती धूळच आली. फलाट उंच झाला, वर शेड, स्टीलच्या खुर्च्या, विजेची गाडी. संडास बांधला आणि त्याला कुलूप ठोकलं. चावी कुणाकडे आहे, देव जाणे. चहूकडे कंपाउंड, आत यायला गेट एकच. आजूबाजूला कॉलन्या उठल्या. तुकोगंजच्या ऑफिसात, भंवरकुआंच्या कोचिंगला अप-डाउन करणारे सगळे माझ्याच अंगावर उभे राहतात. शहरात कागद टाकायला डबा शोधतात, माझ्याकडे आले की डोळे फुटतात यांचे.

गाड्या थांबायला लागल्या तरी उद्घाटन राहिलंच होतं. मागच्या थंडीत स्वागत समिती बनली. तिचा पुढारी विजय भिया, इकडे भैयाला भियाच म्हणतात. त्यानं मंडप ठोकला तो बरोबर गेटात. आडवा लाल फीता, मागे त्याची चार माणसं हातात हात धरून उभी. फीता कापायला रेल्वेचे मोठे साहेब सकाळीच येणार होते. आले नाहीत. सकाळची गाडी मात्र येणार होती.

फीत्याच्या बाहेर सगळी गर्दी. पुढे परेशजी, सोसायटीच्या ऑफिसातले कारकून, सोबत मुलगी क्षितिजा. तिचा त्या दिवशी नर्सच्या भरतीचा पेपर. ही गाडी गेली तर पुढची दुपारी, आणि तोवर पेपर संपलेला.

"विजयजी, आम्हाला तरी जाऊ द्या. पोरीचा पेपर आहे."

"पहले फीता कटेगा भिया, फिर सब जाएंगे. साहेब बायपासवर आलेत."

"साहेब कधीचे बायपासवरच आहेत," मेथीचं गाठोडं घेतलेली यमुनाबाई बोलली. "तिथंच प्लॉट घेतला का?"

लोक हसले. विजय नाही हसला. "मौसी, आप तो रहने दो. इज्जतीचा सवाल आहे."

परेशजी नुसते जी-जी करत राहिले. मला असा संताप आला त्यांचा. अरे, जरा जोरात बोल ना. तेवढ्यात लांबून हॉर्न वाजला.

क्षितिजा पुढे सरकली. टेबलावरच्या ताटातली कैची उचलली आणि फीता कापला. फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला. बँडवाल्यांना सांगितलंच होतं की फीता कटला की वाजवायचं, त्यांनी वाजवलं. लोकांनी टाळ्या पण पिटल्या.

"कटला भिया," क्षितिजा म्हणाली. "आता सगळे जाऊ?"

विजयच्याच माणसांनी हात सोडले. सगळी गर्दी आत घुसली, यमुनाबाईचं गाठोडं दोघांनी उचलून दिलं, आणि गाडी माझ्याकडून भरून निघाली.

साहेब मग आले. विजयनं फीत्याला गाठ मारली होती, त्यांनी गाठीच्या बाजूला कापलं.

संध्याकाळी क्षितिजा उतरली तेव्हा विजय मंडप सोडत होता.

"क्या मॅडम, आमचं तर नाक कापलंत. पेपर कसा गेला?"

"लंबा था भिया. पण पूर्ण लिहिला."

त्यानं उरलेल्या डब्यातला पेढा पुढे केला. तोंड अजून फुगलेलंच, पण केला.

भिंतीवर आता साहेबांच्या नावाचा दगड आहे. राहू दे, मला काही खुपत नाही. पण माझं उद्घाटन कुणी केलं ते मला माहीत आहे, मी तिथंच होतो. तुम्हाला हार घालायचे तर घाला, बँड आणायचा तर आणा. फक्त गाडीच्या टायमाला गेट अडवू नका. दरवेळी कुणी कैची उचलेलच असं नाही.