एका चुलीचे चार ब्लॉग

दोन हजार दहा सालच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळी गावातल्या माझ्या नेट कॅफेत त्रेचाळीस माणसं आणि एक शेळी उभी होती. शेळी कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तिनं सगळा चमत्कार पाहिला, आणि तिचं मत पहिल्यापासून प्रतिकूल होतं.

चमत्कार करत होते गुरप्पा सर. अंगात सफारी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांच्या लॅपटॉपच्या कपाळावरही तसंच. पडद्याच्या वरच्या काठाला बोटभर रुंद पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर विभूती.

"ही पट्टी कामून हो सर?" मी विचारलं.

"नजर लागती. लॅपटॉपला भायरून लागती, इंटरनेटला आतून लागती."

सर स्वतःला होस्टिंग-वास्तुतज्ज्ञ म्हणवत. होस्टिंग म्हणजे ब्लॉगचं राहतं घर, कुठल्यातरी लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरात भाड्यानं घेतलेली खोली. वास्तू म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. या दोन्हींच्या मधली जी आडरेघ, तिच्यावर गुरप्पा सरांचा संसार चालायचा.

"खजुरीच्या बंडेप्पाचे तीन ब्लॉग हुते," सरांनी हात वर केला. "तिन्ही एकाच घरात! तीन भाऊ एका घरात ऱ्हायले की काय हुतं?"

"भांडनं!" त्रेचाळीस माणसं एका आवाजात म्हणाली. या विषयात गावाचा अनुभव दांडगा होता.

"गूगलला त्याचा वास येतो. म्हनून बंडेप्पा चौदाव्या पानावर पडला हुता. म्या तिघास्नी येगळी घरं दिली. एकाचं तोंड अमेरिकेला, एकाचं सिंगापूरला, एकाचं ईशान्येला. आता बगा."

माझ्या टेलिफोनच्या डब्यातून आलेली वायर त्यांनी लॅपटॉपला जोडली होती. गूगलचं पान समोर होतं. सरांनी 'कडक भाकरी' अशी अक्षरं उमटवली, डोळे मिटले, बटण दाबलं. पहिल्या नंबरावर झळकलं: बंडेप्पाची कडक भाकरी, खजुरी.

गर्दीतून हुंकार उठला. मागच्या एकानं चपला काढल्या.

सगळ्यात पुढं उभे होते वीरभद्रप्पा अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ चन्नवीर. रस्त्यावरचं त्यांचं भाकरीचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. पापडासारख्या पातळ, कडक वाळवलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणी. पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली आपली पोरं गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन जायची. तिकडं बसल्या बसल्या त्यांना मागवता यावं म्हणून दोघांनी ब्लॉग काढले, भाकरीचे दोन आणि चटणीचे दोन. चार काढण्याची अक्कल माझी. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं, एका आवाजापेक्षा चार आवाज लांब जातात. तीन महिन्यांत एकही गिऱ्हाईक ब्लॉगवरून आलं नव्हतं. आली होती ती एकच चिठ्ठी, आणि तीही उरुग्वेमधल्या कुणीतरी औषधं विकायला धाडलेली.

या सगळ्या भाकरी थापायचे हात मात्र एकच होते. दोघांची आई, निलम्मा अव्वा. तिचा ब्लॉग नव्हता.

सरांनी चार दिवसांपूर्वी यांच्या घराची पाहणी केली होती आणि निदान दिलं होतं. "होस्टिंग मी येगळं करून देतो. पन मूळ घरच एक असलं तर उतारा लागत न्हाई. दोघं भाऊ एका छपराखाली बसून ब्लॉग लिवत्यात. मधी भिंत घाला."

भिंत जाणार होती सैपाकघरातून. चूल वीरभद्रप्पांकडं, पाण्याचा रांजण चन्नवीरकडं. रविवारी अंगणात विटा पडल्या. मंगळवारी गवंडी येणार होता. आणि आता दोघं भाऊ सगळ्यांदेखत एका गोष्टीवरून अडले होते.

"अव्वा माझ्याकडं. थोरला म्या हाय," वीरभद्रप्पा म्हणाले.

"चटणी कोन करनार मंग? तू?" चन्नवीर म्हणाला. "सर, अव्वाला कुटं ठिवायचं?"

सरांनी क्षणभर विचार केला. "सा म्हयने अमेरिकेला, सा म्हयने सिंगापूरला."

चन्नवीरची बायको शैलश्री दाराशी उभी होती. हुमनाबादच्या एका शाळेत ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. तिनं तोंड उघडलं असतं तर जाऊ 'वाटणीत नाक खुपसती' म्हणाली असती, आणि गप्प राहिली तर 'हिलाच वाटणी पायजे' म्हणाली असती. म्हणून ती ना बोलत होती ना गप्प होती. नुसती सरांच्या त्या पट्टीकडं बघत होती.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. निलम्मा अव्वा आली. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ.

"अव्वा, तू कामून आलीस? घरी जा," वीरभद्रप्पा म्हणाले.

"कंच्या घरी जाऊ? अमेरिकेला का सिंगापूरला?" अव्वा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सिद्ध्या, ह्यो गूगल येतो कुटनं?"

"ह्या वायरीतनं अव्वा. टेलिफोनच्या."

"हीच का?"

"व्हय, हीच."

अव्वा वायरीजवळ जमिनीवर बसली. "सर, मला म्हातारीला कायच दिसलं न्हाई. आनि एकदा दावा की."

सरांना आणखी एकदा दाखवायला कधीच कंटाळा नसे. बोटं मोडली, अक्षरं उमटवली, डोळे मिटले, बटण दाबलं. पहिल्या नंबरावर बंडेप्पाची कडक भाकरी, खजुरी. पुन्हा हुंकार.

अव्वानं हात वर केला. हातात वायरीचं टोक होतं.

"म्या मगाशीच काडली," ती म्हणाली. "चुलीतलं लाकूड भायर वडलं तरी तव्यावर भाकरी फुगायलीया, म्हंजे जाळ दुसरीकडं कुटंतरी हाय."

कॅफेत एवढी शांतता झाली की शेळी काय खातेय ते ऐकू आलं. ती माझी पावतीची वही होती.

पण गुरप्पा सर कच्चे नव्हते. "शक्ती उरती वायरीत! पंखा बंद केल्यावर फिरत न्हाई का थोडा येळ?"

"फिरतो की," गर्दीतला एक जण म्हणाला. अर्धी गर्दी परत सरांकडं सरकली. चपला काढलेल्यानं त्या घातल्या होत्या, पुन्हा काढल्या.

तेव्हा शैलश्री पुढं आली. "अत्ती, मी बघू?" तिनं सासूला विचारलं. अव्वानं मान डोलावली. शैलश्रीनं परत पहिलं पान आणलं, त्यावर 'म्हशीला जुलाब' असं टाकलं आणि बटण दाबलं.

पहिल्या नंबरावर बंडेप्पाची कडक भाकरी, खजुरी.

"म्हशीला बी चालती," सर म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

शैलश्रीनं नख घातलं आणि विभूतीची पट्टी सर्रकन सोलली. तिच्याखाली ती जागा होती जिथं आपण आत्ता कुठल्या पत्त्यावर आहोत ते दिसतं. तिथं गूगलचा पत्ता नव्हता. सरांच्याच लॅपटॉपमधल्या एका फोल्डरचं नाव होतं.

"ही दोन चित्तरं हायती," ती लोकांकडं वळून शाळेतल्या आवाजात म्हणाली. "सरांनी गूगलची पानं लॅपटॉपमधे साठवली, शोधायचं एक आणि उत्तराचं एक. दुसऱ्यात बंडेप्पाचं नाव हातानं वर घातलं. तुम्ही काही बी लिहा, बटण दाबलं की हेच दुसरं पान उघडतं. इंटरनेटचा संबंधच न्हाई."

मग तिनं माझ्या कॉम्प्युटरला वायर जोडली आणि खरोखर शोधलं. दहा पानांत बंडेप्पा कुठंच नव्हता. कुणीतरी खजुरीला फोन लावला. बंडेप्पा विहिरीवरची मोटार दुरुस्त करत होता. "बिलॉग?" तो म्हणाला. "माझ्याकडं तसलं काय न्हाई बाबा, दुसरीकडं बगा."

या गडबडीत गुरप्पा सर लॅपटॉप काखेत मारून बीदरच्या जीपमध्ये चढले. त्यांचं तोंड नैर्ऋत्येला होतं.

"मंग आमचं कामून दिसंना?" वीरभद्रप्पांनी विचारलं. आवाजात आता फक्त दुकानदार होता.

शैलश्रीनं चारी ब्लॉग उघडले. चारींवर एकच मजकूर. फक्त 'भाकरी'च्या जागी 'चटणी'. एके ठिकाणी ते बदलायचं राहिलं होतं, त्यामुळं चटणी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायला सांगितली होती.

"हे कुनी लिवलं?" वीरभद्रप्पा म्हणाले.

मी शेळीकडं बघितलं. शेळीनं मला सांभाळून घेतलं नाही.

"ब्लॉग कुठल्या घरात राहतो, एकाच का चार, ह्यानं जवळजवळ काही फरक पडत न्हाई," शैलश्री म्हणाली. "घर सारखं बंद पडत असलं, दार उघडायला घटका लागत असली, तर त्रास होतो. तेवढंच. बाकी गूगल बघतं आत काय वाढलंय, आणि खाणारी माणसं दुसऱ्याला सांगतात का. आपण एकच तुकडा चार ताटांत ठेवलाय. तोही सिद्धरामनं चावलेला."

चन्नवीर खाली बघत होता. अव्वा उठली, लुगडं झटकलं. "घरी चला. तवा तापलाय," ती म्हणाली. कुठल्या घरी ते कुणी विचारलं नाही.

मंगळवारी गवंडी आला. विटा पडल्याच होत्या, तर त्याच्याकडून अंगणात दुसरी मोठी चूल बांधून घेतली. चार ब्लॉगांचा एक झाला. अव्वा बोलते, शैलश्री लिहून घेते. पिठाला पाणी किती उकळतं असावं, भाकरी फाटली तर कुठं दाबावी, हे सगळं त्यात आहे. मला फक्त अक्षरं तपासायला देतात, तीही शैलश्री पुन्हा तपासते.

सरांनी भिंत का खपवली याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याला दुखणं कळत नव्हतं आणि त्यांनी ओळखीचा शब्द दिला. भावाभावांचं पटत नाही, हे आपण पुराव्याशिवाय मानतो. तेव्हा माझं एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी त्या हातानं वायर ओढून बघा. पट्टी असेल तर खाली काय लिहिलंय ते वाचा. म्हशीचं विचारल्यावर भाकरीचं उत्तर आलं तर घरात भिंत घालू नका.

आमचा ब्लॉग अजून पहिल्या पानावर नाही. तिसऱ्यावर आहे. पण वायर जोडलेली असताना.