रंगाऱ्याचा ईसीजी

सुईताई सकाळी सातला रंगाऱ्याच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आज तारा नीट लावायच्या. आयुर्विमा काढणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची तपासणी करायची, हे तिचं काम. वजन, उंची, रक्तदाब, रक्त, लघवी आणि सगळ्यात शेवटी ईसीजी. गल्लीतल्या पोरांनी तिला सुईताई नाव ठेवलं ते असं चिकटलं, की सख्खी बहीणसुद्धा आता त्याच नावाने हाक मारायची.

अकरा वर्षं ती हे करत होती. तरी गेल्या वर्षभरात दोनदा तिच्या हातून हातांच्या तारांची अदलाबदल झाली होती. लाल तार उजव्या मनगटाला, पिवळी डाव्या, यात अवघड ते काय? पण दिवसाला नऊ घरं केली की हात आपल्या मनाने चालतात. ऑफिसात बसून सगळ्यांच्या ईसीजीच्या पट्ट्या वाचणारे मोठे डॉक्टर, त्यांनी साफ सांगितलं होतं की तिसऱ्यांदा उलटी पट्टी आली तर काम बंद. घरी म्हातारी आई आणि शिकणारी लेक, दोघींचं सगळं या एका बॅगेवर. लोक म्हणतात, कशाला एवढं मनाला लावून घेतेस. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

रंगारी पन्नाशीचा, दांडगा, बोलायला कमी. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचं काम करायचा. घरच्या भिंतींचे मात्र पोपडे सुटलेले. दिव्याखाली अंधार तो असा. बायको म्हणाली, सहा वर्षं झाली, येत्या रविवारी देतो म्हणतायत. महिन्यापूर्वी त्याच्याबरोबरचा एक जण परांचीवरून खाली आला आणि पुन्हा उठला नाही. त्या दिवसापासून बायकोने विम्याचा ध्यास घेतला होता, आणि तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. रात्रीपासून उपाशी बसवलेल्या नवऱ्याच्या पोटात कावळे कोकलत होते, पण बिस्किटांचा डबा ती मांडीवर धरून बसली होती.

रक्त झालं, दाब झाला. दाब पाहून सुईताईला हेवा वाटला. मग तिने त्याला पलंगावर उताणं झोपवलं, मनगटांना नि घोट्यांना चिमटे लावले, छातीवर जेल लावून सहा रबरी फुगे बसवले. लाल उजव्या, पिवळी डाव्या, असं तोंडाने पुटपुटत दोनदा पाहिलं आणि बटण दाबलं.

पट्टी बाहेर आली ती उलटी. पहिल्याच ओळीत वर जायला हवेत ते सुळके खाली गेलेले. तिने तारा पाहिल्या, जागच्या जागी होत्या. सगळं काढून, पुसून, पुन्हा लावलं. दुसरी पट्टीही तशीच. तिसऱ्या वेळी तिने रंगाऱ्याला विचारलं की तुमचा उजवा हात कोणता, आणि त्याने मुकाट्याने उजवा हात वर केला. त्याला वाटलं, हीसुद्धा तपासणीच असेल.

मग तिचं लक्ष छातीच्या ओळींकडे गेलं. हातांच्या तारा चुकल्या तरी छातीच्या ओळी चुकत नाहीत, तिथे सुळके पहिल्या फुग्यापासून पुढे पुढे मोठे होत जातात. इथे ते लहान होत चालले होते. कोणी बोलता बोलता दूर निघून जावं, तसे. अकरा वर्षांत असं तिने पाहिलं नव्हतं. तिने स्टेथोस्कोप काढला आणि त्याच्या डाव्या बाजूला टेकवला. तिथे जवळपास काहीच नव्हतं. नळी हळूहळू सरकवत ती मधल्या हाडापलीकडे गेली, आणि उजवीकडे, बरोब्बर जिथे काही असायला नको तिथे, हृदय धडधडत होतं. स्वच्छ, दणदणीत, एक ठोका इकडचा तिकडे नाही.

सुईताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिचे डोळे भरले आणि ते का भरले हे तिला स्वतःलाच कळेना. हजारो छात्या झाल्या होत्या तिच्या हाताखालून. माणसाच्या आत काय कुठे असतं हे आपल्याला घरातल्या डब्यांसारखं ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. आणि हा माणूस पन्नाशीला आला, वीस-वीस मजल्यांवर दोरीला लटकला, आणि आतलं एवढं मोठं नवल त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. आजवर दवाखान्यात गेला असाल ना, असं तिने विचारलं, तर म्हणाला, एकदा बोटात खिळा गेला होता तेव्हा.

तिने फुगे छातीच्या उजव्या बाजूला लावले, हातांच्या तारा मुद्दाम उलट केल्या आणि पट्टी काढली. ती इतकी सुरेख आली की पुस्तकात छापावी.

इथे तिच्या मनात पाप आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. हीच पट्टी पाठवली तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. रंगाऱ्याला विमा मिळेल, तिचं काम राहील, साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. पण उद्या याच्या छातीत दुखलं, तर कागद सांगेल की सगळं नेहमीसारखं आहे, आणि दवाखान्यातले लोक भलत्याच बाजूला शोधत बसतील. वर कंपनी तोच कागद बायकोच्या तोंडासमोर नाचवेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी तिचं निम्मंच ऐकलं.

"बाई, तारा उलट्या लागल्या तर लागल्या म्हणावं. त्यासाठी माणसाचं हृदय कशाला हलवताय?"

तिने छातीच्या ओळींचं सांगितलं, कानाने ऐकल्याचं आणि उजवीकडून काढलेल्या पट्टीचं सांगितलं. ते म्हणाले, उद्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो, तुम्ही बॅग ऑफिसात जमा करा. अकरा वर्षांचा शब्द, आणि किंमत एवढी.

रंगाऱ्याची बायको दारात उभी होती. काय झालं ते तिने विचारलं. अर्जदाराला काही सांगायचं नाही हा कंपनीचा नियम, पण बॅगच जायची तर नियम कोणासाठी पाळायचा? वहिनी, यांचं हृदय उजव्या बाजूला आहे, असं सुईताईने सांगून टाकलं. वाटलं होतं, बाई मटकन खाली बसेल.

"मग कुठे असतं?" बायकोने विचारलं.

फोन अजून चालू होता. सुईताईने तो दोघींच्या मध्ये धरला आणि बायकोला पुन्हा सांगायला लावलं.

"लग्न झालं तेव्हा मी यांच्या डाव्या अंगाला झोपायचे," बायको सांगू लागली. "छातीवर डोकं ठेवलं तर काहीच ऐकू यायचं नाही. नवीन घर, नवीन माणसं, मला झोप लागायची नाही. एकदा पलीकडच्या बाजूने डोकं ठेवलं तर ढब-ढब ऐकू आलं आणि लगेच झोप लागली. तेव्हापासून मी उजवीकडेच झोपते. सव्वीस वर्षं झाली. मला वाटलं, पुरुषांचं तिकडेच असतं."

बाहेरच्या खोलीत रंगाऱ्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

फोनवर मोठे डॉक्टर आता वेगळ्याच सुरात बोलले. तीस वर्षांत त्यांनी हे पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. तसं हृदय ठणठणीत असेल तर काळजीचं कारण नाही, दोन्ही पट्ट्या माझ्या नावाने पाठवा, तपासून वर मी कळवतो, असं म्हणाले. बॅगेचं नाव काढलं नाही. फोन ठेवता ठेवता मात्र, तासाभरात मी स्वतः येतो, त्यांना म्हणावं कामावर जाऊ नका, मला एकदा ऐकायचं आहे, असं म्हणाले.

बायकोने बिस्किटांचा डबा एकदाचा नवऱ्याच्या हातात दिला. सुईताई पलंगाच्या कडेला बसून फॉर्म भरू लागली. शरीरातलं वेगळेपण या रकान्यात तिने काय ते सविस्तर लिहिलं. खाली छापलेलं होतं, हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं आणि केव्हा. नेहमी तिथे एखाद्या दवाखान्याचं नाव यायचं. तिने पेन दोन वेळा टेकवलं, उचललं, आणि मग लिहिलं : पत्नीच्या, सव्वीस वर्षांपूर्वी.