एका कानाचा ससा

“आई, तुला लहान मुलांचा कंटाळा आला का गं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘विचारून दाखव!’ आणि आमच्या ताईने विचारलंसुद्धा, भर जेवणात! मी तेव्हा तिच्या मांडीवर होतो. तिनेच मला खणातून उपसून काढलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना कापडी ससा आहे. ताईच्या तोकड्या झालेल्या मोज्यातून बाबांनी मला शिवलं. डोळ्यांना शर्टाची बटणं, तीही दोन वेगळ्या रंगांची! ताई तेव्हा पाच वर्षांची होती. “इंजेक्शनला घाबरणाऱ्या मुलांसाठी ने,” म्हणत तिने मला आईच्या स्टेथोस्कोपला बांधलं. आई मुलांच्या वॉर्डात नर्स होती.

नऊ वर्षं मी तिथे नोकरी केली. आई आधी माझी छाती तपासायची. “अरे बापरे, हा तर तुझ्यापेक्षा जास्त घाबरलाय!” मग रडणारं मूल उलट मलाच समजवायचं. दर आठवड्याला कढत पाण्याने आंघोळ व्हायची, तेवढं सोडलं तर माझी ऐट राजासारखी होती.

खिडकीजवळच्या खाटेवर सहा वर्षांची चिमणी होती. नाव वेगळं होतं, पण खायची चिमणीएवढं. सुई टोचताना ती माझा डावा कान मुठीत घट्ट धरायची. एका दुपारी तिने तो धरला आणि सोडलाच नाही. आई तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिली, ऐकतच राहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, पुरे आता.” आई उठली तेव्हा टाके उसवले आणि कान चिमणीच्या मुठीत राहिला. आईने ती मूठ उघडली नाही.

पुढच्याच महिन्यात तिने मोठ्यांच्या वॉर्डात बदली मागून घेतली. पहिल्या दिवशी सवयीने तिने एका कंडक्टर आजोबांसमोर आधी मला तपासलं. आजोबा गरजले, “सिस्टर, सशाचा नंबर माझ्या आधी कसा? रांग आहे की नाही?” अख्खा वॉर्ड हसला. आईही हसली. मग औषधांच्या खोलीत जाऊन मला तोंडावर दाबून रडली. तेव्हापासून, दोन आठवडे झाले, मी खणात.

तर, ताईचा प्रश्न. आईने हातातला घास परत ताटात ठेवला. मग तिने चिमणीचं सगळं सांगितलं, आजोबांचंही.

“कंटाळा नाही गं आला. चिमणी गेल्यापासून तू शाळेतून येऊन झोपायचीस ना, तेव्हा मी शेजारी बसून तुझे श्वास मोजायचे. रोज. जरा कमी वाटले की तुला हलवून उठवायचे.”

“आणि मी तुझ्यावर खेकसायचे,” ताई पुटपुटली.

मित्रांनो, घरातल्या कुणी आवडती वस्तू अचानक खणात टाकली, तर पैजा लावू नका. जवळ बसा आणि विचारा.

बाबा उठले. सुई-दोरा आणि उरलेला मोजा घेऊन आले. “दे इकडे त्याला. नवा कान लावतो.”

ताईने मला छातीशी आवळलं. किती धडधडत होतं तिचं!

“नाही बाबा, माझं ठरलंय. ह्याला कान लावायचा नाही. तो चिमणीकडे आहे. आणि आई, उद्या हा तुझ्याबरोबर येणार. आजोबांच्या मागे, रांगेत.”